कपाटाचे दार किती जागा खाते?

खोलीचे क्षेत्रफळ काढा असे सांगितले, की मुले लांबी गुणिले रुंदी करून मोकळी होतात. गणिताच्या दृष्टीने उत्तर बरोबर असते. पण त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला विचारले, तर तो काही वजाबाक्या सुचवील. खाटेखालची जागा वजा करा, टेबलाची करा, कपाटाची करा. या वजाबाक्या सगळ्यांना सुचतात. एक मात्र सहसा कोणाला सुचत नाही, ती म्हणजे कपाटाचे दार उघडायला लागणारी जागा. दार बंद असते तेव्हा ही जागा रिकामी दिसते. पण तिथे खुर्ची ठेवता येत नाही की अंथरूण घालता येत नाही.

मोठ्या घरात याचा विचार करावा लागत नाही. लहान खोलीत तो करावाच लागतो. मुंबईत १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, ज्या चाळी बांधल्या, त्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची होती. चौरस मीटरमध्ये हे सुमारे १४.९ होतात. एवढ्यात स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे आणि झोप हे सगळे बसवायचे. अशा खोलीत एखाद्याला पहाटे पाच वाजता कामावर जाण्यासाठी कपडे काढायचे असतील, तर कपाटासमोर झोपलेल्याला उठवावे लागेल की नाही, हे दाराच्या प्रकारावर ठरते. म्हणून कपाटाला कोणते दार लावावे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. त्यात भूमिती आहे, बलांचे गणित आहे आणि थोडे पदार्थविज्ञानही आहे. ते सगळे शाळेत शिकवले जाते त्याच पातळीवरचे आहे.

आधी मोजून पाहू

आपण एक कपाट कल्पू. रुंदी १२० सेंटिमीटर, खोली ६० सेंटिमीटर, उंची १८० सेंटिमीटर. ६० सेंटिमीटर खोली घेण्याचे कारण असे, की हँगरला अडकवलेला सदरा आडवा बसायला सुमारे ५५ सेंटिमीटर लागतात. या कपाटाने जमिनीवर व्यापलेली जागा १२० × ६० = ७२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.७२ चौरस मीटर.

आता हे प्रमाण एकास दहा करून कागदावर उतरवू. साहित्य साधे आहे: एक सेंटिमीटरच्या चौकटींचा आलेखकागद, जुन्या वहीचा पुठ्ठा, टाचण्या, चिकटपट्टी आणि पेन्सिल. कागदावर १२ सेंटिमीटर लांबीची रेघ ओढा. ही कपाटाची दर्शनी बाजू. रेघेच्या पुढचा भाग म्हणजे खोलीची जमीन.

पहिला प्रकार, एकाच फळीचे दार. पुठ्ठ्याची १२ सेंटिमीटरची पट्टी रेघेवर ठेवा, एका टोकाला टाचणी टोचा आणि पट्टी काटकोनात उघडा. मोकळे टोक पाव वर्तुळ काढते. आतल्या चौकटी मोजा.

दुसरा प्रकार, दोन फळ्यांचे दार. सहा-सहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या आणि रेघेच्या दोन टोकांना टाचण्या लावा. दोन छोटी पाव वर्तुळे मिळतात.

तिसरा प्रकार, घडीचे दार. सहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या चिकटपट्टीने एकमेकींना जोडा, म्हणजे मध्ये बिजागरी झाली. एका पट्टीचे मोकळे टोक रेघेच्या टोकाशी टाचणीने पक्के करा. दुसऱ्या पट्टीचे मोकळे टोक रेघेवरूनच सरकू द्या. मधला सांधा गुडघ्यासारखा पुढे येईल आणि शेवटी दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून रेघेशी काटकोनात उभ्या राहतील. प्रत्येक स्थितीत पट्ट्यांच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढत चला. पंधरा-वीस रेघा झाल्या, की दाराने व्यापलेला भाग स्पष्ट दिसू लागतो.

चौथा प्रकार, घडीच्या दारांची जोडी. प्रत्येक बाजूला तीन-तीन सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या.

चौकटी मोजून येणारी उत्तरे पुढील आकड्यांच्या जवळपास असली पाहिजेत:

एक फळी: ११३ चौकटी
दोन फळ्या: ५७ चौकटी
घडीचे एक दार: ३५ चौकटी
घडीच्या दारांची जोडी: १८ चौकटी
सरकते दार: शून्य

प्रत्यक्षात एक चौकट म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका फळीचे दार १.१३ चौरस मीटर जागा मागते. कपाट स्वतः ०.७२ चौरस मीटरचे आणि त्याचे दार त्याच्या दीडपट जागा अडवणारे! १६० चौरस फुटांच्या खोलीत हे दार १२ चौरस फूट, म्हणजे साडेसात टक्क्यांहून जास्त जागा राखून ठेवते.

निम्मे का झाले?

एका फळीऐवजी दोन केल्या की जागा निम्मी होते. हे मुलांना लगेच पटते, पण कारण विचारावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते. पण असे दोन तुकडे असल्याने एकूण निम्मे. फळ्या तीन केल्या तर तिसरा हिस्सा, चार केल्या तर चौथा हिस्सा. वर्ग आणि संख्या यांची ही ओढाताण वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे.

घडीच्या दाराचे गणित अधिक गमतीचे आहे. पेन्सिलीच्या रेघांनी तयार झालेली बाहेरची कड नीट पाहा. टाचणीच्या बाजूने ती वर्तुळाच्या कंसासारखी आहे, पण पुढे ती आत वळून रेघेकडे निमुळती होत जाते. असे का?

पहिली पट्टी टाचणीभोवती फिरते, म्हणून सांधा नेहमी टाचणीपासून सहा सेंटिमीटरवर असतो. हा झाला वर्तुळाचा कंस. आता दुसरी पट्टी मनातल्या मनात सांध्यापलीकडे आणखी सहा सेंटिमीटर वाढवा. तिचे वरचे टोक नेहमी टाचणीतून जाणाऱ्या लंबावर पडते. कारण सांधा हा टाचणीपासून, सरकत्या टोकापासून आणि वाढवलेल्या टोकापासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणून त्रिकोणाचा टाचणीपाशी होणारा कोन काटकोनच असला पाहिजे. काटकोन त्रिकोणात कर्णावरची मध्यगा कर्णाच्या निम्मी असते, हे प्रमेय आपण शिकवतो. त्याचाच हा व्यत्यास. म्हणजे दुसरी पट्टी ही भिंतीला टेकून घसरणाऱ्या बारा सेंटिमीटरच्या शिडीचा खालचा अर्धा भाग आहे! घसरणाऱ्या शिडीच्या सगळ्या स्थितींना स्पर्श करणारा जो वक्र मिळतो, त्याला ॲस्ट्रॉइड म्हणतात. आपल्या आकृतीत टाचणीपाशी ४५ अंशांचा कोन होईपर्यंतची कड ॲस्ट्रॉइडची आहे आणि त्यापुढची वर्तुळाची. दोन्ही वक्र त्या बिंदूपाशी एकमेकांना न खुपता मिळतात.

एका पट्टीची लांबी अ मानली, तर या भागाचे क्षेत्रफळ ५π/१६ × अ² इतके येते. अ = ६ घातल्यास ३५.३. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे संकलनाने ताडून पाहावे. उत्तर इतके सुटसुटीत येते याचेच नवल वाटते.

एक गोष्ट मात्र निसटू देऊ नये. दोन फळ्यांचे दार आणि घडीचे एक दार, दोन्ही खोलीत सारखेच, म्हणजे ६० सेंटिमीटर पुढे येतात. क्षेत्रफळ वेगळे, पण पोच तीच. समोर ५० सेंटिमीटरवर खाट असेल, तर दोन्ही दारे अडणारच. तिथे घडीच्या दारांची जोडी हवी, ती फक्त ३० सेंटिमीटर पुढे येते. म्हणून नुसते क्षेत्रफळ मोजून भागत नाही, सर्वांत पुढचा बिंदू कुठवर येतो हेही पाहावे लागते.

सरकते दार फुकट नाही

यादीत सरकत्या दारापुढे शून्य आहे. मग सगळीकडे सरकतेच दार का लावू नये? कारण हे शून्य फक्त दारासमोरच्या जागेचे आहे. सरकत्या फळ्या एकीमागे एक राहतात. दोन फळ्यांची जाडी, मधली फट आणि रूळ मिळून आठ-दहा सेंटिमीटर जातात. ही जागा कपाटाच्या खोलीतून वजा होते. ६० पैकी ५० उरले, तर हँगर आडवा बसत नाही आणि सदऱ्याची बाही दारात अडकते. ते टाळायला कपाट ७० सेंटिमीटर खोल केले, तर १० × १२० = १२०० चौरस सेंटिमीटर जागा कायमची गेली. घडीच्या जोडीला १८०० चौरस सेंटिमीटर लागतात, पण ते दार उघडण्यापुरते. कपाट दिवसातून दोनदा उघडत असेल, तर कोणता सौदा बरा, याचे उत्तर प्रत्येक घराला वेगळे मिळेल.

दुसरी अडचण अशी, की दोन सरकत्या फळ्यांचे कपाट एका वेळी निम्मेच उघडते. डावीकडचे काढताना उजवीकडचे झाकलेले. तीन रुळांवर तीन फळ्या केल्या तर दोन-तृतीयांश उघडते, पण खोली आणखी कमी होते.

दिवसा गाद्या गुंडाळून ठेवायच्या आणि रात्री तीच जमीन अंथरुणाला द्यायची, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही. जपानमधल्या पारंपरिक घरांतही ती आहे. तिथे खोलीचा आकार तातामी नावाच्या चटयांच्या संख्येत सांगतात. एक चटई साधारण १८० × ९० सेंटिमीटर, म्हणजे सहा चटयांची खोली १० चौरस मीटरहून थोडी कमीच. अंथरूण ठेवायच्या भिंतीतल्या कपाटाला ओशिइरे म्हणतात आणि त्याला फुसुमा नावाची सरकती दारे असतात. लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी कागद किंवा कापड लावलेले हे दार अगदी हलके असते. निम्मेच उघडण्याच्या अडचणीवर तिथला तोडगा साधा आहे. वरची खाच खालच्या खाचेपेक्षा खोल ठेवतात. दार थोडे वर उचलले, की खालची कड खाचेबाहेर येते आणि अख्खे दार काढून बाजूला ठेवता येते. हे जमते ते दार हलके असल्यामुळे. आपल्याकडच्या प्लायवूडच्या फळीला तो उपाय लागू पडणार नाही.

वजन कुठे जाते?

१८ मिलिमीटर जाडीच्या, १२० × १८० सेंटिमीटरच्या प्लायवूडची फळी घेऊ. प्लायवूडची घनता एका घनमीटरला ६५० किलोग्रॅम धरली, तर फळीचे वजन २५ किलोग्रॅम भरते. बिजागऱ्या एका कडेला आणि गुरुत्वमध्य त्या कडेपासून ६० सेंटिमीटरवर. त्यामुळे वरची बिजागरी बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. वरच्या व खालच्या बिजागरीत १५० सेंटिमीटर अंतर असेल, तर ही ओढ २५ × ६० ÷ १५० = १० किलोग्रॅम वजनाइतकी. दोन फळ्या केल्या तर प्रत्येकीचे वजन साडेबारा आणि अंतर ३०, म्हणून ओढ अवघी अडीच. रुंदी निम्मी केली की बिजागरीवरचा ताण चौथाई होतो. रुंद फळीचे दार काही वर्षांनी खाली लोंबते आणि जमिनीला घासते, त्याचे कारण हेच.

सरकत्या दाराचे दुखणे वेगळे. फळी नुसत्या लाकडी खाचेत बसवली असेल आणि आपण ती वरच्या बाजूने ढकलली, तर ती पुढे सरकण्याऐवजी पुढच्या कोपऱ्यावर कलते आणि अडकते. घर्षणांक ०.४ आणि फळीची रुंदी ६० सेंटिमीटर धरली, तर ६० ÷ (२ × ०.४) = ७५ सेंटिमीटरपेक्षा वर ढकलल्यास हे घडेल. खाली चाके बसवली की घर्षण फार कमी होते आणि हा प्रश्नच उरत नाही. चाकांच्या वाटेत साठलेला धुळीचा थर मात्र घर्षण पुन्हा वाढवतो. तेव्हा सरकते दार घ्यायचे तर दर आठवड्याला रूळ पुसायची तयारी हवी.

आता सर्वांत महत्त्वाचे. भिंतीला न जखडलेल्या कपाटाची दोन्ही दारे उघडली, की त्यांचे वजन कपाटाच्या पायांच्या पुढे येते. दारांचे २५ किलोग्रॅम सरासरी ३० सेंटिमीटर पुढे, म्हणजे ७५० एकके पुढे ओढणारी. रिकाम्या कपाटाचे वजन दारे सोडून ४० किलोग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ३० सेंटिमीटर मागे, म्हणजे १२०० एकके मागे ओढणारी. कपाट उभे राहते. पण २० किलोग्रॅमचे एखादे मूल उघड्या दाराला लोंबकळले, बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर, तर पुढची बेरीज १७५० होते आणि कपाट मुलाच्या अंगावर येते. कपाट कपड्यांनी भरलेले असेल तर ते सहसा तग धरते. धोका असतो तो नव्या, रिकाम्या किंवा घर बदलताना मोकळ्या केलेल्या कपाटाचा. सरकत्या दाराचे वजन पुढे येत नाही, म्हणून तिथे हा धोका पुष्कळ कमी. दार कोणतेही असो, उंच कपाट वरच्या बाजूला लोखंडी पट्टीने भिंतीला जखडावे. हे शाळेतल्या कपाटांनाही लागू आहे.

बोटांची काळजी हाही बलांचाच विषय आहे. बिजागरीजवळच्या फटीत बोट असताना कोणी दार लोटले, तर दार अडकित्त्यासारखे काम करते. बिजागरीपासून ५५ सेंटिमीटरवर दोन किलोग्रॅमचा जोर लावला आणि बोट एक सेंटिमीटरवर असले, तर त्यावर ११० किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. घडीच्या दारात अशी एक फट मधोमध, मुलांच्या हाताला सहज लागेल अशी असते. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा जागेच्या हिशेबाआधी घ्यावा.

पावसाळा आणि पडदा

कोकणपट्टीत जुलैमध्ये लाकडी दारे का अडतात? लाकूड दमट हवेतले पाणी शोषून फुगते. पण ते तंतूंच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, फुगते ते आडव्या दिशेने. म्हणून फळीची उंची तेवढीच राहते, रुंदी वाढते. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असतात. प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही, त्यामुळे प्लायवूडची फळी कमी हलते. अखंड लाकडाचे दार उन्हाळ्यात बसवायचे असेल, तर फळीच्या कडेला थोडी फट सोडण्यास सुताराला जरूर सांगावे.

दुसरा शत्रू बुरशी. घट्ट बंद होणाऱ्या कपाटात दमट हवा कोंडते, आणि कपाट बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीला टेकलेले असेल तर गार पाठीवर ओल धरते. तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्याचे दार हवा खेळती ठेवते. त्यातून धूळ आत जाते ही त्याची किंमत. दार कसेही असो, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवणे आणि शक्यतो आतल्या भिंतीशी लावणे हे सोपे उपाय आहेत. पुढे ठेवले तरी वरची लोखंडी पट्टी तेवढी लांब घेऊन ते जखडता येते.

पडद्याची गणती दारांत सहसा होत नाही, पण तो जागा जवळजवळ खात नाही, कपाट पूर्ण उघडे करतो, हवा अडवत नाही आणि सर्वांत स्वस्त असतो. त्याला कुलूप लागत नाही आणि तो उंदीर-झुरळांना रोखत नाही. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल, तर शेगडीजवळ कापडी पडदा लावूच नये.

मग निवडायचे कसे?

आम्ही सुचवू असा क्रम पुढीलप्रमाणे. आधी कपाटासमोर किती सेंटिमीटर मोकळे आहेत ते मोजावे, आणि तेही रात्री, अंथरुणे घातल्यावर. ९० किंवा जास्त असतील तर दोन फळ्यांचे साधे दार उत्तम. ते टिकते, दुरुस्त होते आणि पूर्ण उघडते. ४० ते ९०च्या दरम्यान असतील तर घडीच्या दारांची जोडी. त्याहून कमी असतील तर सरकते दार किंवा पडदा. पण सरकत्या दारासाठी कपाटाची खोली पुरते का हे आधी पाहावे. त्यानंतर घरातली लहान मुले, पावसाळा आणि खर्च यांचा विचार करावा. एका फळीचे दार ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद कपाटाला लावू नये. ताणाचे गणित आणि जागेचे गणित, दोन्ही त्याच्या विरुद्ध जातात.

वर्गात हा पाठ घेताना शाळेच्या प्रयोगशाळेतले किंवा ग्रंथालयातले कपाट मोजायला घ्यावे. दार उघडताना जमिनीवर खडूने कंस काढावा आणि त्या कंसात रोज काय अडते हे मुलांनाच शोधू द्यावे. घरचा हिशेब आणायला सांगताना एक भान ठेवावे. सगळ्यांच्या घरी कपाट असतेच असे नाही, पुष्कळांकडे पत्र्याची ट्रंक असते. तिचे झाकण हेही बिजागरीवरचे दारच आहे. ते जमिनीवरची जागा खात नाही, तर उभ्या पातळीत पाव वर्तुळ काढते. मग ट्रंक खाटेखाली ठेवली तर ती उघडण्यासाठी किती बाहेर ओढावी लागेल? आणि झाकण दोन भागांचे केले तर? हे गणित ज्याच्या घरी ट्रंक आहे, त्या विद्यार्थ्याने वर्गाला फळ्यावर सोडवून दाखवावे.